बादलीने पास केलेलं रीळ

...आणि हो, तुझ्या आत्याला पाण्याचं वेड माझ्याकडून आलेलं नाही, ते आधी लिही. मला बादलीत वाकून बघितलं तरी गरगरतं! पण ही बया लहानपणापासून पाण्यातच, म्हणून घरात नावच पडलं बदकी. आता पाठीवर हवेची टाकी बांधून बंदराच्या तळाशी जाते नि लोकांच्या बुडालेल्या वस्तू शोधते.

कशा, ते ऐक. खाली सगळं गढूळ, स्वतःचा हात दिसत नाही. चाचपडत वस्तू सापडली की बदकी तिथून एका पिशवीत हवा भरून वर सोडते. पिशवीला दोरी, दोरी रिळावर, रीळ हिच्या हातात. पिशवी सुसाट वर, रीळ गरगर! बोटीवाल्यांना कळतं, माल इथं आहे. मग त्या दोरीच्या आधाराने ते दोरखंड खाली सोडतात.

गेल्या खेपेला रीळ मध्येच अडलं. पिशवी हिलाच ओढून वर निघाली! तळातून असं झपकन वर येणं म्हणजे जिवाशी खेळ. हिने रीळ सोडलं म्हणून वाचली, पण रीळ गेलं, जागाही हरवली. बोटीचे मालक, त्यांना सगळे वस्ताद म्हणतात, ते भडकले. "पुन्हा दोरी अडली तर तू काठावर. दोरखंड गुंडाळत बस!"

पोरीचं तोंड एवढंसं झालं. काठावर बसवलं तर सुकून जाईल गं ती.

मग दुकानातून तीन रिळं घेऊन आली, न पटलेली परत द्यायच्या बोलीवर. दारातूनच ओरडली, "आई, बादली दे!"

बादलीत पाणी भरलं, कडीला रिळाची दोरी बांधली, हातात पाण्यातले जाड मोजे चढवले, डोळ्यांवर माझा रुमाल बांधला नि उभी राहिली जिन्याच्या वरच्या टोकाला, बादली कठड्याबाहेर सोडायला.

मी म्हटलं, "अगं, पिशवी वर जाते, बादली खाली. उलटंच की!"

"दोरीला काय कळतंय वर-खाली? सुटते कशी ते बघायचंय!"

पहिलं रीळ बंद, चकचकीत डबीसारखं. बादली भर्रकन गेली नि अडकली ती नेमकी खालच्या चष्मेवाल्या आजोबांच्या दारासमोर. त्यांनी दार उघडलं, बादलीकडे बघितलं, वर बघितलं. "आजपासून पाणी असं येणार का?" हसून हसून माझं पोट दुखलं! डबीच्या आत दोरीचा नुसता गुंता, आणि बोट घालायला जागा नाही.

दुसऱ्यावर बारीक दोरी. दुकानदार म्हणाला होता, दुप्पट मावते. मावेना का! मोज्यातून हाताला लागेचना, शिवाय रिळाच्या कडेवरून घसरून त्याच्या दांड्यालाच गुंडाळली.

तिसरं उघडं, मोठ्या मुठीचं, दोरी जाड नि पिवळीधमक. तेही अडलं! पण बदकीने नुसतं बोट आत घातलं, वेढा सोडवला, रुमाल काढला नि हसायलाच लागली. "आई, चूक माझी! काठोकाठ भरलंय मी. तुझ्या मशीनची बॉबिन ठासून भरली की काय होतं?"

"अडते मेली!"

"मग!"

थोडी दोरी कापली. बंदराच्या खोलीला पुरून उरेल एवढी ठेवली, कड मोकळी सोडली. बादली निघाली ती थेट तळाला, धप्प! आजोबा खालून ओरडले, "पास!"

पुढच्याच कामाला मीही धक्क्यावर गेले. एका होडीवाल्याचं इंजिन बुडालेलं, बिचारा डोक्याला हात लावून बसलेला. बदकी खाली. बुडबुडे, बुडबुडे, आणि भस्सकन नारिंगी पिशवी वर आली! बदकी नाही आली. मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या.

होडीवाला दचकला. "मावशी, पोरगी खाली आहे नि तुम्ही टाळ्या वाजवता?"

"अहो, खाली राहिली म्हणूनच वाजवते!"

दोरखंड गेला, चिखलाने माखलेलं इंजिन वर आलं, होडीवाला तर नाचायचाच बाकी राहिला. मग सावकाश, अगदी सावकाश, माझी बदकी. हातात रीळ!

वस्ताद तिच्याकडे न बघताच म्हणाले, "दोरखंड गुंडाळायला दुसरं कुणीतरी शोधावं लागणार."

तर वाचणाऱ्यांनो, तुमच्या ओळखीत कुणी पाण्यात उतरणारं असेल तर माझा एवढा निरोप द्या. चकाकीला भुलू नको, बोट आत जाईल असं रीळ घे, नि काठोकाठ भरू नको. आणि बादली सोडायच्या आधी खालच्या मजल्यावर सांगून ये, म्हणावं.