तिघे गडी, एक बाई

पौषातलं आभाळ त्या आठवड्यात उघडायचं नाव घेईना. ऊन न्हाई, पाऊस न्हाई, नुसतं राखेसारखं गच्च. ज्वारीवर चिकटा पडणार असं जो तो बोलत होता. आणि बोलायला तरी नेकनुरात माणसं कुठं होती? निम्मं गाव कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेलं. रुद्राणीनं दुकानापुढं सडा मारला, फळ्या काढल्या, तुरीच्या डाळीचं पोतं ओढत पुढं आणलं. नवरा योगीराज पहिल्या बसनं बीडला माल आणायला गेला होता. सासरे नागप्पा तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. रुद्राणीचा डोळा मात्र कोपऱ्यात फडकं टाकून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर.

तो योगीराजनं दुकानाची बिलं काढायला घेतला होता. दोन हजार सातचं साल. फोनच्या तारेतून इंटरनेट यायचं, मनात आलं तर. दुपारी नागप्पा लवंडले की रुद्राणी ऑर्कुट उघडायची. तिथं जिल्ह्यातल्या लोकांचा एक गट होता, ‘वेगळा कोण?’. रोज कोणीतरी चार नावं टाकायचं आणि त्यातलं न बसणारं एक सगळ्यांनी मिळून हुडकायचं. कपिलधार, सौताडा, कंकालेश्वर, परळी. कोणी म्हणे परळी, ते ज्योतिर्लिंग. कोणी म्हणे कंकालेश्वर, ते पाण्यात उभं. रुद्राणीनं लिहिलं, कपिलधार. बाकी तिन्हीकडं महादेव, तिथं मन्मथस्वामींची समाधी. त्यावर दुपारभर भांडण जुंपलं, आणि ती दुकानात एकटीच तोंडाला पदर लावून हसली. लग्न झाल्यापासून तिच्याशी असं बरोबरीनं कोणी भांडलंच नव्हतं. घरात मीठ कमी पडलं तर तेवढं सांगायचे.

पण तिथं ती रुद्राणी नव्हती. बाईच्या नावानं आलेल्या पोरींना पहिल्याच दिवशी कसले कसले निरोप येतात, ते तिनं पाहिलं होतं. म्हणून तिनं भावाचं नाव घेतलं, रुद्रेश. पुढं नेकनूरकर लावलं. परक्या गड्यांशी रोज बोलते हे घरात कळलं असतं तर दुपार तर गेलीच असती, वर तिला माहेरी नेऊन बसवलं असतं.

त्या दुपारी तिनं गट उघडला आणि हात की-बोर्डवरच राहिला. गट चालवणाऱ्या बीडच्या अर्जुनरावांनी कोडं टाकलं होतं: ‘रुद्रेश नेकनूरकर, म्हाळू कडेकर, रामप्रसाद आणि मी स्वतः. वेगळा कोण? तिघे गडी, एक बाई.’

खाली हसण्याखिदळण्याचा पूर. कोणी लिहिलं, ‘अर्जुनराव, मिशा लावून फिरता काय?’ पण रामप्रसादनं काही हसण्यावारी नेलं नव्हतं. ‘मंडळी, रुद्रेशकडं बघा. हा गडी सांजच्याला कधीच नसतो. बसस्टँडवर च्याला बोलावलं तर येत न्हाई. सांजच्याला कोणाला सवड नसती बे? चुलीपुढं बसावं लागतं त्याला.’

तिनं पडदा बंद केला. फडकं टाकलं. परत उचलून पाहिलं, बंदच होता.

संध्याकाळी योगीराज जेवताना मजेत होता. बीडला परतीच्या बसची वाट बघत तो रामप्रसादच्याच नेटकॅफेत टेकायचा.

“कोणीतरी बाई हाय म्हनं त्यायच्या गटात, गड्याचं नाव घेऊन. सगळे हुडकायलेत.”

“सापडली तर काय करतेत?” नागप्पांनी विचारलं.

“काय करायचं? घरच्यायला कळवायचं. मागं एक सापडली व्हती तर तिच्या दिराला फोन लावला अर्जुनरावांनी.” तो हसला. “एक तर आपल्या नेकनूरचाच हाय, आप्पा. रुद्रेश म्हनं. कोन असंल?”

“मेव्हणा तर न्हाई तुजा?”

“तो लातूरला हाय. त्याला कुठलं आलं हे!”

रुद्राणीनं वरण वाढलं. वाटीबाहेर सांडलं, ते पुसलं.

दुसऱ्या दुपारी गटात सगळी बोटं नेकनूरकडं वळली होती. तिनं बराच वेळ वाचलं. मग तिला म्हाळू आठवला. जोडवी, मासोळ्या, विरोद्या आणि पैंजण या पायातल्या दागिन्यांच्या कोड्यावर कडा गावच्या त्या म्हाळूनं सहज लिहून टाकलं होतं, की नवी जोडवी चपलेत अशी लागतात की दोन दिस अनवाणीच बरं. बाकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. रुद्राणीच्या आलं होतं, आणि त्या दिवशी तिला लई बरं वाटलं होतं. आपल्यासारखीच कोणीतरी कड्यात बसलीय. चकार शब्द काढला नव्हता तिनं. बहुतेक तिकडं तिलाही रुद्रेश कोण ते कळलं होतं, आणि तिनंही काढला नव्हता.

तिनं लिहिलं, ‘म्हाळू. जोडव्याचं उत्तर परत वाचा. गड्याला हे कावून ठाऊक असंल?’

गट पेटला. वा रुद्रेश, वा बे पठ्ठ्या! त्या गलक्यात खाली म्हाळूची एकच ओळ आली: ‘रुद्रेशभाऊंनी बरोबर ओळखलं.’

भाऊ. म्हाळूला उलटून रुद्राणीकडंच बोट दाखवता आलं असतं की. रुद्राणी त्या ओळीकडं बघत राहिली, तोवर नागप्पांचा खोकला ऐकू आला.

चार दिवसांनी गटातून म्हाळू कडेकर हे नावच गेलं. काढलं की काढायला लावलं, कोणी विचारलं नाही.

त्या सांजेला योगीराज ताटावर बसला तो सांगतच. “कड्याची निघाली. सून हाय कोणाची तरी. कळवलं घरच्यायला.”

“मग?” रुद्राणीनं विचारलं.

“मग काय? तवापासून फोन लागत न्हाई म्हनं त्यायचा.” त्यानं भाकरी मोडली. “पण आता अर्जुनरावांनी नवंच काढलंय. जोडव्याचं गड्याला ठाऊक नसतंय, तर मग ते या रुद्रेशच्या ध्यानात कसं आलं? बाजारच्या दिवशी चौघंपाच जण येनार हायेत नेकनूरला, त्याला बघायला. मी म्हनलं, या की, आपल्या दुकानावरच बसा. गाव आपलं हाय, हुडकून देतो.”

“च्यापाण्याचं बघ गं,” नागप्पा म्हणाले.

योगीराज घास घोळवत थांबला. “खरंच लागतेत का गं? नवी जोडवी?”

“काय की,” ती म्हणाली. “ध्यानात न्हाई.”

तो तिच्याकडं बघत होता, की नुसताच चावत होता, ते कंदिलासारख्या मिणमिणत्या त्या बल्बच्या उजेडात तिला कळेना. तिनं रिकामी ताटं एकात एक घातली, मोरीवर नेली, राखेचं डबडं जवळ ओढलं आणि भांडी घासायला बसली.