आधी थांबू द्या तिला

समोरच्या बंगल्यातल्या नानांनी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ऑटोमॅटिक गाडी घेतली. आयुष्यभर क्लच दाबलेला त्यांचा डावा पाय अजून सवयीने हलतो, आणि रिव्हर्स घेताना गाडी पूर्ण थांबायच्या आतच ते गिअर पुढे टाकतात. आज शेजारी बसलेल्या माईंनी, त्यांच्या बायकोने, त्यांचा हातच धरला.

“अहो, आधी थांबू द्या तिला. अशाने गिअरबॉक्स जातो.”

“सत्तरी उलटली माझी. आता किती वर्षं टिकवायचाय तो?”

“मला अजून पुष्कळ फिरायचंय.”

मागे जाणाऱ्याला पुढे निघायचं तर मधे असा एक पूर्ण थांबा हवाच. माणसांनाही तो द्यावा, असं माझ्या गॅलरीत उभ्या उभ्या मला वाटून गेलं.

नानांनी ब्रेक दाबला. गाडी अगदी स्तब्ध झाली. मग गिअर टाकत त्यांनी विचारलं, “बोल, कुठे जायचं?”