शेवटच्याला जागा नाही

पहाटे वहिनीचा फोन आला. "सुमन, हे उठंनात गं… अंग गार लागून राह्यलंय." रडू फुटायच्या आधी माझ्या तोंडून निघालं, "काल घसा फोडून सांगत होते त्याला, बस म्हणून!" वहिनीला काय ठाऊक, की तिचा नवरा, माझा थोरला भाऊ, आदल्या दिवशी पिंपळगाव रेणुकाईहून जालन्यापर्यंत एसटीत उभा राहून आल्ता. महिना होऊन गेला, पण मला अजून दुःखापेक्षा रागच जास्त येतो. भेटायला आलेले सगळे म्हणाले, अण्णा फार मायाळू माणूस. खोटं आहे. अण्णा दुष्ट होता.

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपुढं त्याची उमर गेली. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून जिना चढतानाही धाप लागणाऱ्या आम्हा मंडळींना गोळा करून दर रविवारी डोंगरावर न्यायला लागला. कुणाची कार नाही, जीप नाही. एसटी जाते तिथलाच डोंगर. "ज्याला तिकीट काढता येतं त्याला डोंगर चढता येतो," असं सांगून माणसं फसवायचा. उतरताना स्वतः पुढं पळायचा आणि गाडी लागली की खिडकीतून लाल चौकड्यांचा टावेल, टोप्या, पिशव्या टाकून सगळ्यांच्या जागा धरायचा. सगळ्यांच्या, एक सोडून. सर्वांत शेवटी खाली येणाऱ्यानं जालन्यापर्यंत उभं राहायचं, हा त्याचा कायदा. एकाच्या पायी सगळ्यांची गाडी चुकते, म्हणून.

पहिल्याच रविवारी, अंबडच्या देवीच्या टेकडीवर, ती शेवटची मी होते. ऑफिसात खुर्चीवर जन्म काढलेली, वजन हे एवढं, पाय सुजलेले. गाडी खचाखच भरलेली आणि सख्खा भाऊ खिडकीशी बसून शेंगा खातोय! "अण्णा, लाज न्हाई वाटत? बहीण आहे मी तुझी!" तर म्हणतो, "बहीण घरी. इथं तू शेवटची." सारी गाडी हसली. मी रडायच्या बेतात आले, तेव्हा माझ्याकडं न बघताच त्यानं टावेल पुढं केला. "घाम पूस." मी घेतला नाही. त्या रागापायीच पुढच्या रविवारी गेले, मंग त्याच्या पुढच्या… अन् एक दिवस डॉक्टरांनी साखरेची गोळी निम्मी केली. अण्णाचे आभार मी कधी मानले नाहीत. त्यानंही कधी शाबास म्हटलं नाही.

पिंपळगावच्या पलीकडच्या डोंगरावर त्या रविवारी अण्णा मागं पडला. दोनदा दगडाला टेकला. विचारलं तर खेकसला, "बुटात खडा गेला. व्हा पुढं, जल्दी!" आणि टावेल माझ्या हातात कोंबला. मी पळत उतरले, जागा धरल्या, माझ्या शेजारची खिडकी त्याच्यासाठी ठेवली. तो आला सर्वांत शेवटी, तोंड पांढरंफटक. "बस," म्हणत मी टावेल उचलला. त्यानं वरची दांडी धरली. "शेवटचा मी हाय." मी हात ओढला, शिव्या दिल्या, आग लाव तुझ्या कायद्याला म्हटलं. "बिलकुल न्हाई," एवढंच. भोकरदनला निम्मी गाडी रिकामी झाली, तरी हा माझ्या डोक्यावर उभाच! डॉक्टर नंतर म्हणाले, बसून आला असता तरी फरक पडला नसता. त्यांना काय जातंय म्हणायला… टावेल टाकलेली ती जागा मी कुणालाच दिली नाही. रिकामीच जालन्याला आली.

मागच्या रविवारी मंडळी पुन्हा निघाली, अंबडलाच. आता जागा मी धरते. अण्णाला मोजायच्या सवयीनं एक जास्त धरली गेली. नवी आलेली एक बाई, माझ्यासारखीच जाड, अगदी शेवटी लंगडत आली. शेजारच्या टावेलाकडं बघून म्हणाली, "ताई, बसू का इथं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिला बसू दिलं असतं, तर अण्णा कशासाठी उभा राहिला?

"न्हाई," मी म्हटलं. "शेवटच्याला जागा न्हाई."

मनातल्या मनात तिनं मला काय काय म्हटलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी टावेल उचलला, त्या जागेवर माझी पिशवी ठेवली, आणि तिच्याकडं न बघता टावेल पुढं केला. "घाम पुसा."

तिनं घेतला नाही. येईल ती पुढच्या रविवारी.