सगळ्यात हळू कोण येते?

पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत आपोआप लागणारं असं एकही दार नसेल, ज्याच्याशी माझ्या साडूंचं बोलणं झालेलं नाही. माणसांशी ते बेताचंच बोलतात. त्यांचा धंदा डोअर क्लोजर दुरुस्त करण्याचा आणि बदलण्याचा. दाराच्या माथ्यावर ती लोखंडी पेटी असते, तिच्या पोटात स्प्रिंग आणि तेल, बाहेर कोपरात वाकलेला एक हात. आपण दार उघडून पुढे गेलो की मागे ती ते हळूच लावून घेते. आपण जन्मभर तिच्याखालून जातो आणि वर पाहत नाही. साडू फक्त वरच पाहतात. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा छिंदवाड्याचे हेलपाटे वाचले म्हणून सगळं गाव खूश होतं. साडूंनीही पेढे वाटले, पण ते नव्या कचेऱ्यांना दारं किती लागतील या विचारानं. कुठलंही क्लोजर तपासायचं झालं की ते स्टुलावर चढतात, पेटीखालून बोट फिरवतात आणि बोटाला तेल लागलं तर डोक्यावरची टोपी काढून हातात घेतात. "गेलं बापा," म्हणतात. "तेल सुटलं का मशीन गेली. आता बदलाच लागते." असल्या मशीनला एक दिवसही भिंतीवर राहू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. दाराचा मालक उगाचच गंभीर होतो आणि मोठ्यांदा बोलायचं थांबतो.

त्यांच्यासोबत कुठं जाणं ही एक परीक्षाच असते. एकदा लोधीखेड्याला एका ओळखीच्या घरी आम्ही भेटीला गेलो होतो. घरातले वडील गेले होते, पुढच्या खोलीत सतरंजीवर माणसं मान खाली घालून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येक माणसामागे क्लोजरचा स्क्रू ढिला झालेलं दार धाडकन आपटत होतं. प्रत्येक आवाजाला साडूंचा चेहरा असा व्हायचा, की नवीन आलेली माणसं आधी त्यांचंच सांत्वन करू लागली. मी त्यांचा सदरा धरून ठेवला होता, पण पाणी प्यायच्या निमित्तानं ते उठले, खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि घरच्या मोठ्या मुलाला म्हणाले, "स्टूल हाये का?" त्या दुःखात तो काय विचारणार? त्यानं आणून दिलं. थोड्या वेळानं दार असं लागू लागलं की कोण आलं अन् कोण गेलं ते कळेना. मग मात्र मंडळींना आपलं रडणं नीट ऐकू येऊ लागलं आणि ती मोकळेपणी रडली. परतताना तो मुलगा आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आला आणि साडूंना म्हणाला, "काका, तेराव्याले जरूर या."

आपलं शास्त्र ते एकाच प्रश्नावर चालवतात. नवीन क्लोजर बसवताना ते मालकाला दाराची मापं विचारत नाहीत, ती त्यांना लांबूनच दिसतात. ते विचारतात, "इथं सगळ्यात हळू कोण येते?" दाराचा वेग त्या माणसाच्या चालीवर ठरवायचा, असा त्यांचा दंडक. एका बँकेच्या मॅनेजरसाहेबांना दार लवकर लागायला हवं होतं, कारण एसीची थंडी बाहेर जात होती. साडू म्हणाले, "साहेब, गेलेली थंडी वापस येते. मोडलेला खुबा नाई येत." मग कुणीतरी सांगितलं, की रामाकोन्याहून एक म्हातारी काठी टेकत पेन्शनीला येते. साडू तिची वाट पाहत बाकावर बसले. ती आल्यावर तिला त्यांनी इतक्यांदा आतबाहेर करायला लावलं, की शेवटी ती उंबऱ्यातच काठी आपटून म्हणाली, "बापा, आत येऊ का बाहीर जाऊ, एकडाव सांगून टाक!" दार तिच्या चालीचं झालं. तरुण गिऱ्हाइकं त्याला घाईघाईनं मागं ढकलतात, हे कळल्यापासून साडू त्या बँकेवरून जातच नाहीत. लांबचा रस्ता घेतात.

अशा माणसाच्या घरात प्रत्येक दाराला क्लोजर असणार, हे सांगायला नको. न्हाणीघरालाही आहे. पाहुण्याला आत जाऊन दार पूर्ण लागेपर्यंत लाज सांभाळत, गंभीर चेहऱ्यानं उभं राहावं लागतं. या सगळ्याचा त्रास ताईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. ताई माझ्या बायकोच्या मोठ्या बहीण आणि स्वभावानं तिखट. दोन्ही हातांत परात घेऊन त्या दार कमरेनं ढकलत आणि म्हणत, "हे घर हाये का तहसील?" त्यांचं खरं दुःख मात्र वेगळं होतं. रागावल्या की त्या तरातरा स्वयंपाकघरात जाऊन दार जोरात लोटून देत, आणि ते दार आपल्या मर्जीनं सावकाश येऊन, साखरेवर चमचा ठेवावा तसं लागे. "अवो, या घरात माणसाले रागानं दारही आपटता येत नाई!" असं त्या आतून ओरडत. साडू बाहेर कान देऊन उभे असत आणि मला म्हणत, "पाहा मास्तर, कसं मस्त लागून राहिलं."

मग ताईंना लकव्याचा झटका आला. नागपूरला दवाखाना झाला, त्या घरी आल्या, पण डावा हात आणि पाय मागेच राहिले. डॉक्टर म्हणाले होते, चालल्या तर सुधरतील, बसल्या तर बसल्या. एकदा त्या खोलीच्या दारापर्यंत कशाबशा गेल्या, एका हातानं दार धरवेना, ते मागून येऊन खांद्याला लागलं आणि त्या घाबरून पलंगावर परत गेल्या. त्यानंतर त्या उठेचनात. "माह्यानं नाई होत," एवढंच म्हणायच्या. त्या तिखट बाईंना इतकं हळू बोलताना ऐकून मला धसकाच बसला. मी साडूंना म्हणालो, "काढून टाका ना ते क्लोजर." ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "काढू? काढलं का तिले समजन, म्या तिच्या पायाची आशा सोडली म्हणून." त्यांनी जुनं उतरवून सगळ्यात हलक्या स्प्रिंगचं नवीन मशीन बसवलं आणि स्क्रू असा कसला, की दार उघडून मी चहा पिऊन आलो तरी ते अजून लागतच होतं. मग ते पलीकडे जाऊन उगाच काहीतरी घासत बसले. हाक मारली नाही, हात दिला नाही. दुसऱ्या आठवड्यात ताई भिंत धरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "चहा कोण ठेवते आज?"

पुढं त्यांचा पाय जसा सुटत गेला तसा ताई न्हाणीघरात असताना साडूंनी स्क्रू केसाएवढा ढिला करत नेला. "तिले सांगू नका," मला बजावलं. "तिले वाटू द्या, दार तेच हाये, तीच भारी झाली." आणि एके दिवशी भाजीवरून भांडण होऊन ताईंनी स्वयंपाकघराचं दार पूर्वीच्या जोरानं लोटून दिलं. ते सावकाशच लागलं. पण साडू ओसरीवर गेले आणि टोपीनं डोळे पुसू लागले. मीही पुसले, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं.

आता साडूंचे गुडघे गेले आहेत. स्टुलावर चढणं बंद झालं, ताटली हातात घेऊन आत जायचं तर भिंतीचा आधार लागतो. परवा संत्री घेऊन गेलो, तर स्वयंपाकघराचं दार पूर्वीपेक्षा फारच हळू लागताना दिसलं. मी म्हणालो, "साडूभाऊ, पाय गेले पण हात चालू आहेत वाटतं?" त्यांनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्या नाई केलं. तिनं केलं, मी झोपलो होतो तवा. त्या पायानं स्टुलावर चढली बापा! आंधी स्क्रू उलटा फिरवला, मंग सुलटा, हे तेलच सांगते." त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. पेटीखालून तेलाचा ओघळ आला होता.

मी त्यांच्या टोपीकडे पाहिलं. ती डोक्यावरच होती. "मग बदलायचं नाही?" मी विचारलं.

"कायले? चालून राहिलं ना," ते म्हणाले. "मास्तर, स्क्रू फिरवला का दार हळू होते, हे तिले कोनं सांगतलं? म्हणजे म्या चोरून फिरवत होतो तवा तिले सारं माहीत होतं." मग घाईनं म्हणाले, "मले समजलं म्हणून तिले सांगू नका."

आतून ताईंनी चहाला हाक मारली. साडू उठले, भिंतीला हात लावून, कसलीही घाई न करता आत गेले. त्यांचं दुसरं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेपर्यंत दार थांबलं होतं.