शेजारच्याचा हात

संत्रं सोलल्याचा वास आला की मला अकोल्याच्या थेटरातली माझी फजिती आठवते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. आम्ही भाजीवाले माळी, बाजार आटोपून मी सिनेमाला बसलो होतो. बायको मागे, बायकांच्या बाकांवर. पडद्यावर भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेला नायक मांडीवर कोयता ठेवून वैऱ्याच्याच ओसरीवर बसला होता, आणि काही केल्या उठेना. नुसत्या सावल्या आणि अर्धे चेहरे. पुढचे ओरडत होते, "मार ना बे, झोपला का?" मागचे एक मास्तर म्हणत होते, "वा, याला म्हणतात कला!" एवढ्यात कोयता चमकला आणि मी घाबरून शेजारच्याचा संत्र्यानं चिकट झालेला हात गच्च धरला. रीळ बदलायला दिवे लागले, तर शेजारी माझा थोरला चुलतभाऊ! त्यानं माझ्या कोबीचं पाणी आपल्या पाटात वळवलं तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं, आणि त्याची वांगी उपटायची शपथ घेऊन मी दोन वर्षं नुसताच फिरत होतो. तो म्हणाला, "सोडतं का धरूनच ठिवतं?" माझ्या तोंडून निघालं, "भाऊ, अजून संपला नाई ना." त्यानं दुसऱ्या हातानं एक फोड पुढे केली, आणि दिवे मालवले, तरी मी हात सोडला नाही. त्या नायकानं शेवटी काय केलं, ते मला आजही सांगता येत नाही. सिनेमा सुटल्यावर मात्र भाऊ त्याच्या वाटेनं गेला, मी माझ्या. बैलबंडीत चढताना बायको म्हणाली, "इतका वेळ हात धरला होता, तं घरीच काहून नाई आणलं त्यायले?"