टिळ्याखालचा कागद

कृष्णा-वेण्णेच्या संगमावर नांदणाऱ्या महादेवाला आणि सर्व कर्मांचा साक्षी असणाऱ्या सूर्यनारायणाला वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज खंडेनवमी. घरोघरी हत्यारे, अवजारे पुसून पाटावर मांडली गेली असतील. माझ्या पाटावर आज एक कागद आहे. तो ज्याने जपला, त्या भूपालविषयी हे लिहितो आहे.

भूपाल कधीही घाईत नसे. सांगलीच्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तेव्हा त्याला एक शब्द चालवावयास अर्धा तास लागे. खडसावले तर शांतपणे म्हणे, "येतंय गुरुजी, वाटंवर हाय." नदीकाठच्या खेड्यातील जैन शेतकऱ्याचा तो मुलगा. घरी हळद आणि ऊस. पुढे तो सांगलीतच चित्रकला शिकू लागला, आणि मी निवृत्त होऊन साताऱ्याजवळ माहुलीस, आमच्या मूळ गावी, येऊन राहिलो. सत्तरच्या दशकातील एका भाद्रपदात तो आमच्या दारात उभा राहिला. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी त्याला जुन्या देवळांची छायाचित्रे काढावयाची होती.

"कॅमेरा कुठे आहे?" मी विचारले.

"ह्यो काय," म्हणून त्याने डबा पुढे केला.

डब्याला सुईने पाडलेले एक छिद्र होते आणि आत पांढरा कागद. भिंग नव्हते. छिद्रावरची चिकटपट्टी सोडून तो वीस-वीस मिनिटे शेजारी बसून राही. भिंग का नाही, असे विचारले तर म्हणे, "भिंगाला लय घाई असती. माज्या उजेडाला घाई न्हाई, गुरुजी."

त्याच्या चित्रांत माणसे नसत. सोमवारी घाट माणसांनी भरलेला असे. चित्रात मात्र केवळ पायऱ्या. "थांबली न्हाईत, म्हनून आली न्हाईत," एवढेच त्याचे स्पष्टीकरण. एकदा आमचे सरपंच नवा फेटा बांधून दीपमाळेशी उभे राहिले, पण येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत राहिले. चित्रात धोतर उमटले, त्यावर धुरासारखे काहीतरी, आणि शेजारी डुलकी घेणारी म्हैस शिंगांसकट स्वच्छ.

"माजं डोस्कं कुटं हाय रं?" सरपंचांनी विचारले.

"तुमचं लय चालतंय, सरपंच. म्हशीचं थांबलं हुतं."

माझी पत्नी द्वारका पदर तोंडाला लावून हसली. भूपाल तिला काकू म्हणे.

आश्विन लागला तेव्हा तो मला एस.टी.ने औंधच्या टेकडीवरील चित्रसंग्रहालयात घेऊन गेला. मी एका तासात सर्व दालने पाहून बाहेर आलो. तो एका बसलेल्या स्त्रीच्या चित्रापुढे तसाच उभा होता. परतताना एस.टी.त म्हणाला, "हिला कुनीतरी थांबीवलं, म्हनून ही ऱ्हायली. काकूंचा एक तरी फोटू हाय का, गुरुजी?"

नव्हता. आमच्या लग्नात छायाचित्र काढण्याची पद्धत नव्हती आणि नंतर कोणास ते सुचले नाही. द्वारकेचे हृदय अशक्त झाले होते; मिरजेच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. तरी ती दिवसभर घरात फिरत असे.

"मला कशाला बसवतोस? चुलीवर आमटी आहे."

"आमटी उतरवून या, काकू. इसच मिनिटं."

ती देवळाच्या पायरीवर बसली, हात गुडघ्यांवर ठेवून. "श्वास घेऊ का रे?" तिने विचारले.

"घ्या की. श्वास दिसत न्हाई."

मी त्या वेळी आत जपाला बसलो होतो. ती कशी बसली, हे मी पाहिले नाही.

तो कागद आणि आणखी तीन कागद काळ्या वेष्टनात गुंडाळून, डब्यात ठेवून, डबा आमच्याच घरी सोडून, भूपाल कागद धुऊन चित्र उमटविण्याचा मसाला आणावयास सांगलीला गेला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी माझ्या पोथ्या मांडल्या, द्वारकेने विळी आणि उलथने मांडले. मग मला भूपालच्या डब्याची आठवण झाली. विद्यार्थ्याचे साधन अपूजित राहू नये, असे वाटले. पोथीची पूजा आम्ही बासन सोडून करतो. टिळा पानाला लावतो, फडक्याला नव्हे. मी काळे वेष्टन सोडले.

"त्याचं काही उघडू नका हो," द्वारका म्हणाली.

"ही पूजा आहे," मी म्हणालो.

अंधाऱ्या खोलीत तो कागद धुतो, हे मी पाहिले होते. अंधाराचे कारण मात्र कधी विचारले नव्हते. तो त्याच्या विद्येतील सोवळ्याचा प्रकार असावा, अशी माझी समजूत होती. कागद कोरे दिसत होते. प्रत्येकावर अनामिकेने ओल्या कुंकवाचा टिळा लावला, चारही कागद ओटीवर उन्हात वाळविले आणि होते तसे गुंडाळून ठेवले.

दसरा झाल्यावर भूपाल आला, डबा घेऊन खोलीत गेला आणि पुष्कळ वेळाने बाहेर आला.

"टिळा पाहिलास ना?" मी विचारले.

"बघितला की. लय चांगलं केलं, गुरुजी." मग भिंतीकडे पाहून म्हणाला, "काकूंचा न्हाई आला. हालल्या असतील."

मी द्वारकेला म्हणालो, "वीस मिनिटेसुद्धा स्थिर बसवेना तुला."

"मी हलले नव्हते," ती म्हणाली.

कार्तिकात तिला मिरजेला दाखल केले. तिसऱ्या दिवशी, इतर काही बोलणे चालू असताना, ती मध्येच म्हणाली, "मी हलले नव्हते हो." मी म्हणालो, "असू दे." ती गेली, ते त्याच आठवड्यात. मला रडू आले नाही. तिची पिशवी उचलून मी साताऱ्याची गाडी धरली.

भूपाल परीक्षेत उतरला आणि कडेगावला चित्रकला शिक्षक झाला. दर दसऱ्याला सोने घेऊन येई. आलेल्या मंडळींना मी त्याच्यादेखत सांगे, "आमच्या हिचे छायाचित्र नाही. बसवली होती, पण हलली." तो खाली पाही. एके वर्षी म्हणाला, "गुरुजी, एक बोलायचं हुतं." मी संध्येस बसत होतो, थांब म्हणालो. तो थांबला. मी उठल्यावर म्हणाला, "ऱ्हाऊ द्या."

गेल्या वैशाखात कावीळ होऊन तो गेला. तिशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर त्याची धाकटी बहीण आली. त्याच्या पेटीत एक पाकीट सापडले होते, वर लिहिले होते: माहुली, काकू. आपले नव्हे म्हणून ती ते पोचते करावयास आली होती. आत काळाठिक्कर कागद, त्यावर मधोमध बोटाएवढी फिकट जागा. शिवाय तेवढ्याच जागेचा, काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करून काढलेला एक सरळ ठसा.

"हा एवढा काळा कशाने झाला?" मी विचारले.

"धुवायच्या आदी उजेड लागला की काळा पडतोय, आजोबा. कुनीतरी उघडला असंल. कुकवाखालचं तेवढं ऱ्हायलं. लाल रंगाखाली कागद आंधळा असतोय, असं दादा सांगायचा."

मी ठसा खिडकीशी नेला. त्यात गुडघ्यावर ठेवलेला एक हात होता. मनगटात चार बांगड्या, चारही एकमेकींपासून सुट्या. मोजता येत होत्या.

बहिणीला पाणी दिले. ती गेल्यावर दार लावले आणि म्हणालो, "तू हलली नव्हतीस." इतक्या वर्षांनी ते घरात बोलले गेले. ऐकणारे कोणी नव्हते.

भूपालला मी दोष देत नाही. मला दोष लागू नये, म्हणून त्याने 'हालल्या असतील' हे खोटे अंगावर वागविले. त्याला तिची क्षमा मागावयाची असेल; मला मागावयाची आहे. आज तो काळा कागद पाटावर ठेवून त्याची पूजा केली आहे. टिळा लावलेला नाही.

वाचकहो, सूर्यनारायण आपले आणि आपल्या घरातील सर्वांचे रक्षण करो. आपल्या घरी हळू आवाजात दोनदा सांगितलेली गोष्ट, सांगणारे माणूस समोर आहे तोवर, आपणांस ऐकू येवो. आपले कल्याण असो.