तासभराची कांडी

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी कांड्या भरायची. मशीनवर सूत कांडीला गुंडाळत जातं, तुटलं की गाठ मारायची. शेजारच्या मशीनवरचा बुवा तेच करायचा, पण हजेरीपत्रकात तो कारागीर आणि मी मदतनीस. मदत कुणाला, ते मालकालाच ठाऊक! पगारही त्याला जास्त.

आणीबाणीच्या दिवसांत सारख्या कामाला सारख्या पगाराचा कायदा आला. लेबर ऑफिसचे साहेब येणार म्हटल्यावर मुकादमानं आम्हा बायकांना बजावलं, "मागा सारखा पगार! मग मालक बायका ठेवतोय कशाला? बसा घरी."

घरी अंथरुणाला खिळलेला नवरा, दोन पोरी. मला रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी साहेब आले आणि मालकाला म्हणाले, "दंड करायला नाही आलो. कायदा कसा राबवायचा ते दाखवायला आलोय."

"बायकांचा हात हळू चालतो, साहेब."

"मग बघूया की. एक बाई, एक गडी, दोघांना तासभर शेजारी चालवू द्या. कांड्या सारख्या भरल्या, तर पगार सारखा लिहा."

आणि साहेबांनी बोट बुवाकडं आणि माझ्याकडेच केलं. ठरवलं, हात हळूच चालवायचा.

मशीन सुरू झालं. धागा तुटला, मी बघून न बघितल्यासारखं केलं. दुसरा तुटला. हात नुसते शिवशिवत होते मेले! साहेबांना कळलं तर लबाड ठरणार, नाही कळलं तर साऱ्या बायकांचं वाटोळं माझ्यापायी.

एवढ्यात शेजारून बुवाचा हात आला आणि त्यानं माझ्या धाग्याला गाठ मारली.

"काय करताय हो? साहेब बघतील!"

"हात का थांबवलाय, अक्का?" तो मान खाली घालूनच बोलला. "माझी बायको पलीकडच्या कारखान्यात कांड्याच भरती. साहेब उद्या तिकडं जाणार हाईत."

मला रडू फुटलं. डोळे पुसायला वेळ कुठला, तीन धागे तुटून पडले होते. मी गाठी मारत सुटले.

कांड्या बरोबरीच्या निघाल्या. साहेबांनी मालकाला हजेरीपत्रकात माझ्या नावापुढचं मदतनीस खोडायला लावलं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी वाटलं, मुकादम आत घेणारच नाही. हजेरीत कारागिरांमध्ये माझं नाव पुकारलं. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. दुसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मागून बुवा ओरडला, "हाय की! आलीया!"